छोट्या बेडचा पिकअप, मोठा ट्रेलर आणि मधली हिच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला राहतो. दारात थ्री-क्वार्टर टन, म्हणजे जड कामाच्या वर्गातला पिकअप आहे, चार दारांची केबिन आणि पावणेसात फुटांचा बेड, म्हणजे मागचा हौदा. त्याच्यामागे तीस फुटी फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे हौद्यातल्या जोडणीला (हिचला) अडकवायचा कॅम्पिंगचा ट्रेलर. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत दरवर्षी कुणी ना कुणी गाठतंच : "अरे, आम्हीही ट्रेलर घेतोय, पण आमचा ट्रक छोट्या बेडचा आहे. चालेल ना?" हातातला मोदक गार होतो तरी उत्तर संपत नाही, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. मापं इंच, फूट आणि पौंडांत ठेवली आहेत, कारण ट्रकवरचं स्टिकर आणि हिचचं मॅन्युअल दोन्ही तीच भाषा बोलतात.

गाडीला चाकं चार. मग हे पाचवं चाक कुठून आलं?

घोडागाडीतून. चारचाकी बग्गीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं लोखंडी कडं बसवलेलं असे. ते पाचवं चाक. पुढे १९१४ साली डेट्रॉइटमध्ये ऑगस्ट फ्रुहाउफ या लोहाराने एका लाकूड व्यापाऱ्याची बोट वाहायला फोर्ड मॉडेल टीच्या मागे जोडायचा गाडा बनवला. सेमी-ट्रेलरचा धंदा तिथून वाढला आणि जोडणीला नाव मात्र बग्गीच्या काळातलंच राहिलं.

न्हावा शेवाच्या रस्त्याने गेला असाल तर तुम्ही हे पाहिलेलं आहे. कंटेनर ओढणारा घोडा, म्हणजे पुढचा ट्रक, सुटा उभा असतो तेव्हा त्याच्या पाठीवर ग्रीसने माखलेली, मागच्या बाजूला खाच असलेली जाड तबकडी दिसते, तीच ही. पिकअपच्या हौद्यात बसते ती तिची धाकटी बहीण. ट्रेलरच्या नाकाखाली दोन इंच जाडीचा एक उभा खुंट असतो, त्याला किंगपिन म्हणतात. हिचचा जबडा तो पकडतो. बंपरमागच्या बॉलला जोडलेला ट्रेलर वाऱ्यात शेपटीसारखा डुलतो. इथे भार थेट मागच्या चाकांवर येत असल्याने ते डुलणं खूपच कमी होतं.

छोटा बेड म्हणजे नक्की किती फुटी?

हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातल्या ट्रकमध्ये साडेपाच फुटांच्या आसपास. हेवी ड्यूटीमध्ये कंपनीप्रमाणे बदलतो : रॅम २५०० चा छोटा बेड ६ फूट ४ इंच, फोर्ड सुपर ड्यूटीचा ६ फूट ९ इंच. लांब बेड सगळीकडे ८ फुटी.

पण ब्रोशरमधली लांबी हे आपलं माप नाही. हिचच्या मध्यापासून केबिनच्या मागच्या भिंतीपर्यंत किती जागा उरते, ते आपलं माप. लांब बेडच्या तुलनेत इथे सव्वा फूट किंवा त्याहून जास्त जागा कमी पडते, आणि पुढचं सगळं रामायण तेवढ्या जागेचं आहे.

त्या सव्वा फुटाने असं काय बिघडतं?

सरळ रस्त्यावर काहीच नाही. हायवेवरच्या वळणावरही नाही. बिघडतं ते ट्रक आणि ट्रेलर काटकोनाच्या जवळ येतात तेव्हा. कॅम्पग्राउंडमध्ये झाडांच्या मधून मागे घेताना, पेट्रोल पंपावर अडकल्यावर, आपल्याच घरच्या ड्राइव्हवेमध्ये.

ट्रेलरची रुंदी १०२ इंच धरा. अमेरिकेत ही नेहमीची कमाल रुंदी. किंगपिन मधोमध असतो, म्हणजे त्याच्यापासून बाजूची भिंत ५१ इंचांवर. ट्रेलर पूर्ण काटकोनात आला की हे ५१ इंच केबिनच्या दिशेने येतात. माझ्या ट्रकमध्ये हिचच्या मध्यापासून केबिन ४१ इंचांवर आहे. दहा इंच कुठून आणणार? केबिनच्या मागच्या काचेतून.

किती अंशांना टेकेल तेही काढता येतं. ट्रेलरचं नाक चौकोनी असेल आणि त्याची पुढची भिंत बरोबर किंगपिनच्या रेषेत असेल, तर ४१ इंचांत साधारण ५३ अंशांना कोपरा लागतो. तोच कोपरा किंगपिनच्या १२ इंच मागे असेल तर ६५ अंशांपर्यंत जाता येतं. अलीकडच्या ट्रेलरचं नाक दोन्ही बाजूंना गोल कापलेलं असतं ते यासाठीच. पूर्ण रुंदी जिथे सुरू होते ती जागा मागे गेली की धोका तेवढा उशिरा येतो, आणि कधीकधी ती केबिनच्या कडेबाहेरूनच निघून जाते. विक्रेते याला शॉर्ट-बेड फ्रेंडली म्हणतात. हा शब्द खोटा नाही, पण त्यापुढे "कुठल्या ट्रकवर?" हा प्रश्न कुणी विचारत नाही.

तुमची काच फुटली होती म्हणे?

फुटली होती. पहिल्याच वर्षी.

ट्रेलर विकणाऱ्याने सांगितलं होतं, "नाक गोल आहे, साधी फिक्स्ड हिच पुरे." मीही मान डोलावली, कारण स्लायडर, म्हणजे मागेपुढे सरकणारी हिच, महाग होता. नोव्हेंबरातली संध्याकाळ, पाऊस, कॅम्पग्राउंडमधली अरुंद जागा, एका बाजूला ओकचं झाड, दुसऱ्या बाजूला पाण्याचा नळ. बायको मागे टॉर्च घेऊन उभी, ट्रेलरची शेपूट बघत होती. मीही आरशात शेपूटच बघत होतो. नाक कुणीच बघत नव्हतं. आधी खोबऱ्याची वाटी फुटावी तसा एक बारीक आवाज आला, आणि मग मानेवर काचेचे खडे. ती "थांब" म्हणाली होती, पण डिझेलच्या घरघरीत मला ते पोचलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजेडात टेप लावला. चार इंच कमी पडले होते. खरेदीच्या दिवशी हाच टेप माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात होता.

मग आपल्या ट्रकवर मोजायचं कसं?

सपाट जागी ट्रक उभा करा. मागच्या चाकाच्या मध्यावरून ओळंब्याने किंवा सरळ पट्टीने वर बेडच्या कडेवर खूण करा. तिथून केबिनच्या मागच्या भिंतीपर्यंतचं आडवं अंतर घ्या. काच, वरचा तिसरा ब्रेक लाइट, अँटेना, जे काही बाहेर आलेलं असेल त्याच्यापर्यंत मोजा. पत्र्यापर्यंत मोजून फसू नका.

मग ट्रेलरकडे जा. नाकाच्या उंचीवरची रुंदी घ्या, त्याची निम्मी करा. किंगपिनच्या मध्यापासून नाक पुढे येतं की मागे राहतं ते मोजा. कोपरा कुठे गोल व्हायला लागतो तेही बघा. निम्म्या रुंदीत तीन-चार इंच मिळवा, कारण रस्ता सपाट नसतो आणि खड्ड्यात ट्रेलर कलंडला की वरचा कोपरा केबिनकडे झुकतो. ही बेरीज ट्रकच्या मापापेक्षा कमी असेल तर फिक्स्ड हिच घ्या आणि निवांत झोपा. जास्त असेल तर पुढे वाचा.

हिचच दहा इंच मागे सरकवून बसवली तर? प्रश्न मिटला ना?

हा प्रश्न मला दर वेळी येतो आणि दर वेळी मी उसाच्या बैलगाडीची आठवण करून देतो. गाडी मागच्या बाजूला जास्त भरली की उलाळ होते. बैलांच्या मानेवरचं जू वर उचललं जातं आणि बैल नुसतेच चालत राहतात, गाडी त्यांच्या ताब्यात राहत नाही. इथे बैल म्हणजे ट्रकची पुढची चाकं. किंगपिनचा भार मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे गेला की ट्रकचं नाक उचललं जातं, स्टिअरिंग हलकं होतं, पुढच्या ब्रेकची पकड जाते आणि रात्री हेडलाइट आकाशातले तारे दाखवतात.

म्हणून हिचचा मध्य अ‍ॅक्सलच्या बरोबर वर किंवा एक-दोन इंच पुढेच हवा. हे गृहीत धरूनच बाकीच्या युक्त्या निघाल्या आहेत : वळताना तेवढ्यापुरतं मागे जायचं, सरळ झालं की परत पुढे.

फिक्स्ड, मॅन्युअल स्लायडर, ऑटोमॅटिक स्लायडर. यातलं काय घ्यायचं?

फिक्स्ड सगळ्यात हलकी, स्वस्त आणि बिघडायला काही नसलेली. मोजमाप जुळत असेल तर हिच्याहून चांगलं काही नाही. उगाच धास्तीने स्लायडर घेणारे लोकही मी पाहिले आहेत. ते शंभर पौंड लोखंड विनाकारण हिंडवतात.

मॅन्युअल स्लायडरमध्ये हिचचं डोकं रुळांवर बसलेलं असतं. अरुंद जागी शिरण्याआधी थांबायचं, ट्रेलरच्या चाकांखाली ठोकळे लावायचे किंवा ब्रेक कंट्रोलरने ट्रेलरचे ब्रेक धरून ठेवायचे, लीव्हर ओढायचा आणि ट्रक हळूच पुढे घ्यायचा. ट्रेलर जागेवर, ट्रक पुढे, म्हणजे हिच बेडमध्ये मागे गेली. नेहमीच्या मॉडेलमध्ये ही सरक १० ते १४ इंचांची असते. काम झालं की हेच उलट. मागच्या खाचेत ठेवून हायवेवर जायचं नाही, ते फक्त चालण्याच्या वेगासाठी आहे. उलाळ गाडीची गोष्ट आठवा.

कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात तुम्ही चुकीचं वळण घेऊन एका गल्लीत अडकलेले असता, मागे तीन गाड्या हॉर्न देत असतात, आणि त्या वेळी खाली उतरून लीव्हर ओढायची आठवण राहत नाही. उतारावर खिट्टी अडकते ती वेगळीच. मॅन्युअल स्लायडर वाईट नाही. तो शांत डोक्याच्या माणसासाठी आहे.

ऑटोमॅटिकमध्ये तुमच्या डोक्यावर काही सोपवलेलं नसतं. इंडियानातल्या मिशावाका गावच्या पुलराइटचा सुपरग्लाइड हे त्यातलं सगळ्यात जुनं आणि माहितीतलं नाव. डेमकोचा ऑटोस्लाइडही आहे. तत्त्व असं : किंगपिनला एक पाचरीसारखी प्लेट लावतात, तिला कॅप्चर प्लेट म्हणतात. ती हिचच्या डोक्यात घट्ट बसते, त्यामुळे डोकं ट्रेलरबरोबर वळतं. डोक्याखाली कॅम आणि रूळ असतात. ट्रक जसजसा वळतो तसतसं डोकं आपोआप मागे सरकतं, सरळ झालं की पुढे येतं. वीज नाही, मोटार नाही, नुसती भूमिती. पहिल्यांदा आरशातून बघितलं तेव्हा मला मनापासून टाळी द्यावीशी वाटली.

तोटे दोन. किंमत फिक्स्डच्या दुप्पट-तिप्पट, आणि वजन. हे धूड हौद्यातून उतरवायला दोन माणसं किंवा एक चेन पुली लागते. काच फुटल्यावर मी ऑटोमॅटिक घेतली. छोटा बेड, पूर्ण रुंदीचा ट्रेलर आणि महिन्यातून एकदा तरी नवी जागा, असा हिशेब असेल तर माझं मत स्पष्ट आहे : पैसे ट्रेलरमधल्या दुसऱ्या टीव्हीवर घालवू नका, इथे घाला. वर्षातून दोनदा त्याच त्या मोकळ्या पार्कात जात असाल तर मॅन्युअल पुरतो.

साइडवाइंडर म्हणून काहीतरी ऐकलं. ती हिच आहे का?

नाही, तो ट्रेलरच्या बाजूचा पर्याय आहे. ट्रेलरच्या नाकाखालचा जो लोखंडी खोका किंगपिनला धरून ठेवतो, त्याला पिन बॉक्स म्हणतात. तो काढून त्याच्या जागी हा बसवायचा. यात किंगपिन हिचमध्ये पाचरीने अडकवून स्थिर ठेवतात, आणि वळण्याचा बिंदू तिथून २२ इंच मागे, ट्रेलरखालच्या फिरत्या बैठकीवर जातो. भार पूर्वीसारखाच अ‍ॅक्सलवर राहतो आणि ट्रकमध्ये हलकी फिक्स्ड हिच चालते.

मात्र पाचर तुमच्या हिचच्या मॉडेलचीच लागते. मागे घेताना ट्रेलर थोडा वेगळा वागतो, हाताला सवय व्हायला दोन-तीन सहली जातात. ट्रकचं पेलोड, म्हणजे पाठीवर भार घ्यायची मर्यादा, तोकडं असेल आणि स्लायडरचं वजन परवडत नसेल तर हा पर्याय विचारात घेण्यासारखा.

आणि ती अ‍ॅल्युमिनियमची हलकी हिच? एकट्याने उचलता येते म्हणतात.

अँडरसनची. किंगपिनला एक कपलर लावतात आणि तो हौद्यातल्या बॉलवर बसतो. पन्नास पौंडांच्या आत वजन, त्यामुळे पाठदुखीवाल्यांची लाडकी. पण ती स्लायडर नाही. कपलर फिरवून लावला तर वळणबिंदू थोडा मागेपुढे होतो, इतकंच. मोजमाप तुम्हालाच करायचं आहे.

हिच्याबरोबर लोक आणखी एका गोष्टीची गल्लत करतात, ती म्हणजे किंगपिनला लांब नळी लावून खाली गूजनेक बॉलवर, म्हणजे हौद्याच्या तळातल्या गोळ्यावर, बसवणं. त्या लांब नळीमुळे ब्रेक लागताना ट्रेलरच्या फ्रेमवर तरफेसारखा जोर येतो. फ्रेम बनवणाऱ्याची वॉरंटी त्यावर टिकते का, हे घेण्याआधी लेखी विचारा. तोंडी "चालतं हो" याला अर्थ नाही.

माझा हाफ-टन आहे, साडेपाच फुटी बेड. माझ्यासाठी कुठली हिच?

माझ्या मते कुठलीही नाही. बाजारात त्या बेडसाठीही स्लायडर मिळतात, हे खरं. पण तुमची अडचण केबिनची नाही, वजनाची आहे. पुढचा प्रश्न वाचा आणि मग दाराचं स्टिकर बघा. बंपरला जोडायचा ट्रेलर घेतला तर जिभेचा भार, म्हणजे ट्रेलरचं पुढचं टोक हिचवर टाकतं तो भार, ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के येतो. फिफ्थ व्हीलमध्ये तो १५ ते २५ टक्के असतो. हाफ-टनच्या कमरेला हा फरक झेपत नाही.

ट्रक चौदा हजार पौंड ओढतो असं ब्रोशरमध्ये आहे. मग काळजी कसली?

ओढणं वेगळं, पाठीवर घेणं वेगळं. ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीचं स्टिकर असेल, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जाऊ नये तो आकडा असतो. ते पेलोड. त्यात ड्रायव्हरही मोजलेला असतो, हे बरेच जण विसरतात.

आता उदाहरण. स्टिकरवर २,८५० पौंड. ट्रेलरचं भरलेलं कमाल वजन १२,००० पौंड. किंगपिनवर वीस टक्के धरा, २,४००. ऑटोमॅटिक हिच जवळपास २०० पौंड. झाले २,६००. उरले २५०. त्यात तुम्ही, तुमची बायको, दोन मुलं आणि मागच्या सीटवर ठेवलेला तांदळाचा डबा. बसतंय का? नाही बसत. तो थ्री-क्वार्टर टन आहे, डिझेल आहे, दिसायला हत्ती आहे, तरीही नाही. डिझेल इंजिन स्वतःच जड असल्याने पेट्रोल ट्रकपेक्षा पेलोड कमी करतं, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

ब्रोशरमधला पिनचा भार रिकाम्या ट्रेलरचा असतो. त्यात ना पाणी, ना बॅटऱ्या, ना गॅसच्या टाक्या. साठ गॅलनची पाण्याची टाकी भरली की ५०० पौंड झाले. आणि आपण सगळं जड सामान, म्हणजे मिक्सर, कुकर, कॅम्पच्या खुर्च्या, कुठे ठेवतो? पुढच्या मोठ्या कप्प्यात, म्हणजे बरोबर किंगपिनच्या मागे. सामान भरून एकदा ट्रक स्टॉपच्या काट्यावर चढवा. थोडेसे डॉलर लागतात आणि सगळी वादावादी संपते.

थोडक्यात क्रम असा : आधी स्टिकर, मग ट्रेलर, शेवटी हिच. आपण नेमकं उलटं करतो.

रूळ ठोकून घ्यायचे की फॅक्टरीचे पक?

तुमच्या ट्रकच्या हौद्यात चार गोल भोकं आणि मधोमध एक बॉलचं भोक असेल तर ते फॅक्टरी पक. हिचचे पाय त्यात घालून फिरवायचे, झालं. उन्हाळा संपला की हिच उतरवा, हौदा मोकळा, माती आणा, सोफा आणा. नवा ट्रक घेत असाल तर हा पर्याय ऑर्डरमध्येच टाका.

नसतील तर बेडच्या तळात भोकं पाडून आडवे रूळ फ्रेमला बोल्टने आवळतात. जुनी, भक्कम पद्धत. तळावर नुसतं घातलेलं प्लास्टिकचं लायनर असेल तर रूळ त्याच्यावर ठेवू नका, प्लास्टिक दबतं आणि बोल्ट सैल होतात. तेवढा भाग कापून काढावा लागतो. फोर्डचे बेड आता अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, एफ-१५० चे २०१५ पासून आणि सुपर ड्यूटीचे २०१७ पासून. तिथे त्या बेडसाठीचंच किट घ्या, कारण लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम ओल्यात एकमेकांना खातात.

तिसरा मार्ग कॅन्ससमधल्या हंबोल्टच्या बी अँड डब्ल्यूचा : बेडखाली गूजनेक बॉलची बैठक, आणि वरची हिच त्या एका भोकातून आवळलेली. यातही स्लायडर मिळतो. वर रूळ राहत नाहीत, सामान ढकलताना पाय ठेचकाळत नाहीत.

ट्रेलरचं नाक वर, शेपूट खाली असं चालतंय. हिच खाली घेऊ का?

घेता येते, पण आधी बेडच्या कडेपासून ट्रेलरच्या पोटापर्यंत किती फट आहे ते मोजा. निदान साडेपाच-सहा इंच हवी. नव्या ट्रकच्या बाजू उंच झाल्यामुळे हा त्रास वाढलाय. फट कमी ठेवली तर ओढ्याच्या उतरणीवर ट्रेलर बेडच्या कडेवर टेकतो आणि कड दुमडते. पिन बॉक्सची बोल्टची भोकं बदलून पाहा. तरीही जमलं नाही तर ट्रेलर मागून उचलायचा असतो, म्हणजे अ‍ॅक्सल आणि स्प्रिंगचं काम. ते माहीतगार कारागिराकडूनच करून घ्या.

केबिनमागची आडवी टूलबॉक्स ठेवता येईल का?

नाही. तुम्हाला इंच इंच जागा हवीय आणि तिथेच पेटी ठेवताय.

फाळका काढून टाकावा लागतो का?

गरज नाही. जोडताना आणि सोडताना पाडायचा, हे विसरू नका, बस. मी एकदा विसरलो. किंगपिन आत घेताना नाही, सोडून पुढे जाताना. फाळक्याला मधोमध दोन इंची खोक पडली.

जोडताना सगळ्यात मोठी चूक कुठली?

किंगपिन जबड्यात न शिरता जबड्याच्या वर बसणं. बाहेरून सगळं जोडल्यासारखं दिसतं, ट्रक पहिले दोनशे फूट ट्रेलर ओढतोसुद्धा. मग एका गतिरोधकावर ट्रेलर उडतो आणि बेडच्या दोन्ही कडांवर आदळतो.

ट्रेलरची प्लेट हिचच्या प्लेटपेक्षा किंचित खाली ठेवा, अर्धा इंचभर. मागे येताना ती हिचच्या उतारावर चढून स्वतःला वर उचलते, तेव्हाच पिन योग्य उंचीवर शिरतो. "खट्" ऐकून समाधान मानू नका. खाली वाका, टॉर्च मारा, पिनच्या मागे जबडा मिटलेला डोळ्यांनी बघा, खिट्टीत पिन घाला. ट्रेलरचे पाय अजून जमिनीवरच असू द्या, ट्रेलरचे ब्रेक धरा आणि ट्रक हळूच पुढे ओढून बघा. सुटायचाच असेल तर तो तिथेच, पायांवर सुटेल. त्यानंतर पाय वर, तुटीची वायर (ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक लावणारी), दिव्यांचा प्लग. पावसात, भुकेत, मुलं ओरडत असतानाही क्रम हाच.

जुनी हिच घेऊ का?

फिक्स्ड असेल तर बिनधास्त. क्षमतेची पट्टी वाचता आली पाहिजे, जोड भेगाळलेले नकोत, जबडा पिनभोवती खुळखुळता कामा नये. पकवाली असेल तर कुठल्या कंपनीच्या पकसाठी आहे ते विचारा, फोर्डचे पाय रॅममध्ये बसतीलच असं नाही. जुन्या ऑटोमॅटिकबरोबर कॅप्चर प्लेट मिळते का ते बघा, आणि ती तुमच्या पिन बॉक्सला बसते का तेही.

वेगळं लायसन्स लागतं का?

राज्याप्रमाणे बदलतं. कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी खास लक्ष द्यावं : तिथे १०,००० पौंडांवरच्या फिफ्थ व्हीलला साध्या क्लास सी लायसन्सवर वेगळी मान्यता लागते, आणि १५,००० च्या वर बिगर-व्यावसायिक क्लास ए. बे एरियातल्या आमच्या एका मित्राने ट्रेलर दारात आणल्यावर परीक्षेचं पुस्तक उघडलं.

नाशिकचा भाचा विचारतो, भारतात असं करता येईल का?

हायलक्स किंवा व्ही-क्रॉस घेऊन? त्यांचा हौदा पाच फुटांच्या आसपास. आणि किंगपिनवरचा भार भागिले त्या ट्रकची पाठ, हे गणित भाचा स्वतःच करू शकेल, इंजिनीअर आहे.

मागे घेताना कुणाचं ऐकायचं?

एकाचंच. आणि त्या एकाने शेपूट नाही, नाक बघायचं. शेपटीसाठी कॅमेरा आहे. आता बायको केबिनच्या कोपऱ्याशी, मला थेट दिसेल अशी उभी राहते, हातात वॉकी-टॉकी. "अजून", "बस्स", "थोडंसं", हे सगळे शब्द आम्ही बाद केले, कारण तिच्या "बस्स"ला मी कितीदा "बस्स, येऊ दे" समजलो आहे. आमच्याकडे एसटीचा नियम चालतो : वॉकी-टॉकीवर एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे जाऊ दे. सासरे एसटीत कंडक्टर होते, तिच्याकडून त्यात चूक होत नाही.